सुपरहिट मुकाबला, टॉप टेन वगैरे: ते नंबर ठरवायचं कोण?

तर्रीबाज
नव्वदीतली पोरं कोण कोण आहेत इथे, हात वर करा. डीडी मेट्रोवर सुपरहिट मुकाबला लागायचा आठवतोय का? बाबा सेहगल यायचा, बोलता बोलता मध्येच रॅप सुरू करायचा आणि गाणी खालून वर लावत लावत पहिल्या नंबरापर्यंत न्यायचा. मग झीवर फिलिप्स टॉप टेन आला, त्यात सतीश कौशिक, गाण्यांपेक्षा मधली धमालच जास्त लक्षात राहिलीये.

आम्ही नाशिकच्या सिडकोत, चौथ्या स्कीमला. माझ्याकडे एक वही होती, डावीकडे या आठवड्याचे नंबर, उजवीकडे मागच्या आठवड्याचे आणि मध्ये लाल पेनाने बाण, कोण वर गेलं कोण खाली आलं. अभ्यासाची एकही वही एवढी टापटीप नव्हती. तर प्रश्न असा, की ते नंबर खरंच कशावरून तरी ठरायचे का कोणीतरी ऑफिसात बसून ठोकून द्यायचं? माझं मत स्पष्ट आहे, सगळं ठोकून. थोरल्या बहिणीचं म्हणणं की एवढ्या मोठ्या चॅनेलवर असं चालत नाही, काहीतरी हिशोब असणारच. दर दिवाळीला फराळासोबत हा वाद ठरलेला. निकाल लावून द्या.

गंगेवरचा_गण्या
ठोकूनच. पुढचा धागा.

मिसळीत_पाव
बाबा सेहगल शिकलेला इंजिनियर आहे हे किती जणांना माहितीये? मी हे घरी कौतुकाने सांगितलं तर वडील म्हणाले बघ, इंजिनियर होऊन पण हेच करायचं असेल तर तू आत्तापासूनच कर, फी तरी वाचेल. 1992 ला ठंडा ठंडा पानी आलं तेव्हा ती चाल कुठली आहे वगैरे भानगडीत कोणी पडलं नव्हतं, ते सगळं इंटरनेट आल्यावर कळलं.

नंबरांचं म्हणाल तर मला कधी शंकाच आली नाही, टीव्हीवर सांगितलं म्हणजे खरं.

जुना_रेडिओ
तुम्हा पोरांचं सगळं टीव्हीपासून सुरू होतं. या नंबरबाजीचा बाप म्हणजे बिनाका गीतमाला. 1952 च्या डिसेंबरात सुरू झाली, रेडिओ सिलोनवर, दर बुधवारी रात्री आठ वाजता, अमीन सायानी. आणि ती सिलोनवर का, तर त्याच साली केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली. आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे भोक्ते. लोकांनी काय केलं, काटा फिरवून सिलोन लावलं. सरकारला जाग आली ती 1957 ला, तेव्हा विविध भारती काढली. कार्यक्रम मात्र मुंबईतच रेकॉर्ड व्हायचा आणि टेपा विमानाने कोलंबोला जायच्या.

आता तुमच्या प्रश्नाचं. सुरुवातीला गीतमालेत नंबर नव्हतेच. सात गाणी लावायची आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पत्र पाठवायचं, बक्षीस असायचं. पहिल्याच आठवड्याला नऊ हजार पत्रं आली हे सायानींनी स्वतः मुलाखतीत सांगितलंय. पुढे पायदानं, म्हणजे नंबर, आले, ते दुकानातल्या रेकॉर्डच्या विक्रीवरून. पण त्यात गोम अशी की रेकॉर्ड संपली आणि मुंबईहून माल आला नाही तर गाणं गाजत असूनही खाली यायचं, आणि कोणी मुद्दाम खरेदी करून आकडा फुगवला तरी कळायला मार्ग नाही. म्हणून मग गावोगावचे श्रोता संघ जोडले, त्यांचा कौल आणि विक्री अशी दोन्हींची सांगड. म्हणजे हिशोब होता, आणि त्यातली चोरवाट बुजवायचा प्रयत्नही होता.

मी नाशिकरोडचा, प्रेसमध्ये आयुष्य गेलं. देशभरातून गीतमालेला जी पत्रं जायची त्यावरची तिकिटं आमच्याकडे छापलेली, एवढा आमचाही वाटा समजा.

तर्रीबाज
काका कडक प्रतिसाद. पण मी टीव्हीचं विचारतोय, गीतमालेला हात लावायची माझी हिंमत नाही. सायानी गेले तेव्हा (फेब्रुवारी 2024) आमच्या सोसायटीतले दोन आजोबा अक्षरशः सुतकात असल्यासारखे बसले होते.

ओझरची_पोर
तुम्ही सगळे नंबर बघत होतात? मला तर एकही नंबर आठवत नाही, मला फक्त स्टेप्स आठवतात.

आम्ही एचएएलच्या टाउनशिपमध्ये. गॅदरिंगला डान्स बसवायचा तर व्हीसीआर कोणाकडे नाही, गाणं आठवड्यातून एकदाच दिसणार, ते पण सगळं नाही. मग आम्ही मैत्रिणींनी वाटण्या केल्या होत्या, एकीने फक्त हात बघायचे, एकीने पाय, एकीने कॅमेरा दुसरीकडे गेला की मागच्या रांगेतल्या बायका काय करताहेत ते बघायचं आणि मी सगळ्यात लहान म्हणून माझ्याकडे तोंडावरचे हावभाव. गाणं संपलं की लगेच उठून जागच्या जागी करून बघायचं, कोणी बोलायचं नाही, बोललं की विसरायला होतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मागे चौघींचं जोडायचं. हात आणि पाय कधीच जुळले नाहीत, पण टाळ्या मिळाल्या.

त्यामुळे गाणं पहिल्या नंबरवर टिकावं असं वाटायचं ते एवढ्याचसाठी, की पुढच्या आठवड्यात राहिलेली स्टेप बघायला मिळेल. ठोकून का असेना!

मिसळीत_पाव
हसून हसून पुरेवाट. तोंडावरचे हावभाव खात्याला सलाम ताई.

डिशवाला
आता माझा विषय निघाला. मी पंचवटीत केबल टाकायचो, ब्याण्णव सालापासून.

लोकांना वाटतं मेट्रो म्हणजे दूरदर्शन म्हणजे अँटेनावर येत असणार. अँटेनावर ते मुंबई दिल्लीसारख्या मोठ्या शहरांत, आपल्याकडे बऱ्याच जणांनी पाहिलं ते केबलवर. गच्चीवर जाळीची मोठी डिश, खाली खोलीत रिसीव्हर, आणि एका चॅनेलला एक रिसीव्हर एक मॉड्युलेटर असा हिशोब, म्हणजे प्रत्येक चॅनेल मागे खर्च. त्यातून घरोघरचे टीव्ही जुने, काहींना आठच बटणं, मग नववा चॅनेल दाखवून उपयोग काय? सोडलेला चॅनेल कुठल्या बटणावर बसवायचा हे माझंच काम, म्हाताऱ्या बायका टीव्हीवर खडूने खूण करून ठेवायच्या. 1995 ला केबलचा कायदा आला त्यात दूरदर्शनचे किमान दोन चॅनेल दाखवणं सक्तीचं झालं, पण त्याआधीही मेट्रो बंद करायची माझी टाप नव्हती, एकदा पावसात अँप्लिफायर उडाला ऐन सुपरहिट मुकाबल्याच्या वेळी तर अख्खी गल्ली माझ्या दारात. क्रिकेटला पण एवढी आली नव्हती.

2003 च्या नोव्हेंबरात मेट्रोच्या जागी डीडी न्यूज आलं. त्याबद्दल तक्रार करायला एक माणूस आला नाही.

गंगेवरचा_गण्या
डिशवाले भाऊ तुम्ही दुपारी जे हिंदी पिक्चर लावायचे कॅसेटवर, खाली सारखी लोकल दुकानाच्या सेलची जाहिरात फिरायची, हिरोईनच्या तोंडावरून. विसरलो नाही.

डिशवाला
त्याच जाहिरातीवर पोरीचं शिक्षण झालं भाऊ.

लेस्टरकर
मूळचा भगूरचा, आता बरीच वर्षं इंग्लंडात. इथे या प्रकाराचं मूळ पीठ म्हणजे बीबीसीचं टॉप ऑफ द पॉप्स. 1 जानेवारी 1964 ला मँचेस्टरमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीतल्या स्टुडिओतून पहिला भाग गेला आणि 30 जुलै 2006 ला शेवटचा साप्ताहिक. बेचाळीस वर्षं. आमच्या ऑफिसातले पन्नाशीच्या पुढचे गोरे लोक गुरुवार संध्याकाळ म्हटलं की अजून हळवे होतात.

त्यांचा नियम सोपा होता, खाली घसरणारं गाणं दाखवायचंच नाही, आणि पहिल्या नंबरचं सगळ्यात शेवटी. यादी विक्रीवरून. निवडक दुकानांत डायऱ्या दिलेल्या, दुकानदाराने हाताने विक्री लिहायची आणि आठवड्याला पोस्टाने पाठवायची. आता कुठली दुकानं निवडलीत हे रेकॉर्ड कंपन्यांना कळायला किती वेळ लागणार? माणसं पाठवून नेमक्या तिथूनच खरेदी. 1983 ला यंत्रावर नोंद सुरू झाली तरी पुढे प्रकार थांबले नाहीत म्हणतात. म्हणजे जुना_रेडिओ काकांनी जी चोरवाट सांगितली तीच, फक्त सूटबुटात.

अजून एक, कलाकार बहुतेकदा नुसते ओठ हलवायचे. 1991 ला निर्वाणा या रॉक बँडला बोलावलं, वाद्यं टेपवर आणि गाणं तेवढं खरं, तर कर्ट कोबेनने मुद्दाम खालच्या खर्जात गाऊन आणि गिटार नुसती खाजवून सगळ्याची वाट लावली. जरूर बघा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे साठच्या दशकातले बहुतेक भाग बीबीसीनेच पुसून टाकले, टेप महाग म्हणून परत वापरायला. ज्या कार्यक्रमाने गाण्यांचा हिशोब ठेवला त्याचाच हिशोब नाही ठेवला.

मुद्देसूद
सगळे रम्य आठवणी सांगताहेत पण मूळ मुद्दा बाजूला राहतोय. माझं निरीक्षण. त्या काळात टीव्हीवरची गाणी ही निर्मात्याच्या दृष्टीने फुकटातली जाहिरात होती. पिक्चर लागायच्या आधी महिना दोन महिने गाणी यायला लागायची. न लागलेल्या पिक्चरचं गाणं एवढ्या वर येतं ते कशाच्या जोरावर, तर दाखवलं जातंय म्हणून. तेव्हा याला लोकप्रियतेची यादी म्हणणंच चूक आहे, ती आगामी सिनेमांची जाहिरात होती आणि आपण ती वहीत उतरवत होतो.

तर्रीबाज
वहीवर कशाला घसरता राव.

मेनरोडचा_जावई
मुद्देसूद यांच्याशी सहमत, पण अर्ध्यापर्यंतच. कॉलेजात असताना मी एका कॅसेटच्या दुकानात काम केलं, मेन रोडच्या एका बोळात, दुकान केव्हाच बंद झालं. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आमचं खरं उत्पन्न कॅसेट विकण्यात नव्हतं, भरून देण्यात होतं. गिऱ्हाईक कागदावर गाण्यांची यादी घेऊन यायचं, साठची भरायची का नव्वदची ते ठरायचं, आणि मग डबल डेकवर बसून आम्ही एक एक गाणं शोधून भरायचो. कौशल्य होतं ते ए बाजूच्या शेवटी. तीन मिनिटांची टेप उरलीय आणि यादीतलं पुढचं गाणं पाचचं, तर लबाडी न करता यादीतलंच लहान गाणं वर उचलायचं, नाहीतर कडव्यात गाणं तुटतं आणि गिऱ्हाईक परत येतं. पेन्सिलने टेप किती उरली ते बघून मी मिनिटं सांगायचो, अजून सांगेन. (हो, हे सगळं बेकायदेशीर होतं. अख्ख्या देशात चालू होतं.)

तर कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी पोरं उभी. गाण्याचं नाव माहीत नसायचं, पिक्चरचं पण नाही, "काल दोन नंबरला होतं ते द्या" एवढंच. म्हणजे मालकाला कार्यक्रम बघणं भाग होतं, नाहीतर दोन नंबरला काय होतं ते कळणार कसं? कंपनीचा सेल्समन पण शहाणा, तो पण दुसऱ्या दिवशीच यायचा, इतक्या घेतल्या तर इतक्या फुकट अशी स्कीम घेऊन, सोबत पोस्टर. आणि एवढ्या काळात कुठल्याही टीव्हीवाल्याने, एजन्सीवाल्याने आमच्या दुकानात येऊन "तुमच्याकडे काय खपतंय हो" असं कधी विचारलं नाही. नाशिकमध्ये दुसऱ्या कोणाला विचारलं असेल तर माहीत नाही, पण दुकानदार सगळे एकमेकांना ओळखून होते. त्यामुळे माझ्या अनुभवात नंबर विक्रीवरून ठरत नव्हता, विक्री नंबरावरून ठरत होती.

पण हे पण अर्धंच. कारण आमच्या गल्ल्यातला खरा एक नंबर कधी त्या टीव्हीवर आलाच नाही. वर्षभराचा हिशोब काढला तर सगळ्यात वर प्रल्हाद शिंदे. त्यांच्या खाली आनंद शिंदे, पोपटाच्या गाण्याची कॅसेट तर येऊन बरीच वर्षं झाली तरी मागणी हटत नव्हती. 14 एप्रिलच्या आधी भीमगीतांच्या कॅसेटी पेटीने यायच्या आणि पेटीने जायच्या, मोजायला वेळ नसायचा. चैत्रात आणि नवरात्रात वणीच्या गडावर जाणारे लोक देवीची गाणी घ्यायचे, पौषात त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंड्या निघाल्या की अभंग. गणपतीत आरत्या. जीप, टेम्पो, द्राक्षाच्या गाड्या, सगळ्यांना हेच लागायचं. हिंदी पिक्चरचं गाणं दोन महिने उड्या मारायचं आणि मग रॅकमध्ये धूळ खायचं. 1993 ला चोली के पीछे वरून दिल्लीत कोर्टापर्यंत प्रकरण गेलं तेव्हा मात्र धूळ बसायला वेळ मिळाला नाही, पेपरात बातमी आली की खप वाढायचा.

तेव्हा बहिणीला सांगा, हिशोब होता. आमच्या मालकाच्या लाल वहीत होता. टीव्हीवर नव्हता.

जुना_रेडिओ
उत्तम प्रतिसाद. प्रल्हाद शिंद्यांबद्दल शंभर टक्के अनुमोदन, आमच्या कॉलनीत सत्यनारायण भटजीने सुरू केला की कॅसेटने, हे नुसत्या आवाजावरून कळायचं नाही.

मिसळीत_पाव
बाय द वे, मराठी गाण्यांचं असं काउंटडाउन का नव्हतं? पोपट पहिल्या नंबरवर आणि सूत्रसंचालक सूट घालून सांगतोय, काय दृश्य असतं.

मुद्देसूद
कारण चॅनेलच नव्हतं. अल्फा मराठी आलं 1999 ला, ई टीव्ही मराठी त्याच्याही नंतर. तोवर मराठीला सह्याद्री, आणि जाहिरातदाराला तिथे सुपरहिट काही दिसत नव्हतं. दाजिबा गाजलं 2002 मध्ये, तेव्हा पहिल्यांदा पोरांना मराठी गाणं पबमध्ये पण वाजतं हे कळलं.

ओझरची_पोर
चॅनेल नव्हतं म्हणून नाही हो. शिंद्यांची कॅसेट घेणारा आणि टॉप टेनच्या मधल्या जाहिरातीतला म्युझिक सिस्टम घेणारा, ही दोन वेगळी माणसं धरलेली होती त्यांनी. आमच्या टाउनशिपमध्ये तर एकाच घरात दोन्ही असायचं. बाहेरच्या खोलीत टॉप टेन आणि पप्पा स्कूटर धुताना टेपवर भीमगीतं. मैत्रिणी आल्या की मी टेपचा आवाज कमी करायचे. त्यावर पप्पा एकदा फक्त म्हणाले, तुझ्या टीव्हीचा आवाज मी कधी कमी केला का?

गंगेवरचा_गण्या
ताई हे भारी लिहिलंत.

लेस्टरकर
इथेही तेच, बरं का. लेस्टर, बर्मिंगहॅमकडच्या पंजाबी दुकानांत भांगड्याच्या कॅसेटी धो धो खपायच्या, पण ती दुकानं यादीसाठी मोजली जाणाऱ्यांत नव्हती. त्यामुळे चार्टमध्ये नाव नाही. मेनरोडच्या जावयांचा मालक इथे असता तरी त्याची लाल वही लालच राहिली असती.

थोरली_तर्री
नमस्कार. मीच ती थोरली बहीण. भावाने लिंक पाठवली आणि खाली लिहिलं "वाच आणि हार मान".

मानत नाही. मुकाबल्याचा हिशोब नव्हता असं इथे कोणी सिद्ध केलेलं नाही, एका दुकानात विचारायला आले नाहीत एवढंच सिद्ध झालंय. मुंबईतल्या दुकानांत विचारत नसतील कशावरून? मेनरोडचा_जावई, तुमच्या म्हणण्याने फार तर एवढं ठरतं की नाशिकला विचारलं नाही, ते तर मला आधीच माहीत होतं, नाशिकला कोण विचारतं.

आणि त्या वहीतले लाल बाण मी काढायचे. माझा हा भाऊ कार्यक्रम अर्ध्यात असतानाच झोपायचा, पहिला नंबर मी सकाळी सांगायचे. हम आपके है कौन चालू होता त्या काळात मी कित्येकदा मनाने सांगितलेलं आहे आणि याने ते शाईने लिहिलेलं आहे.

मेनरोडचा_जावई
घ्या!! ठोकून देणारं ऑफिस सापडलं. सिडको, चौथी स्कीम.

मिसळीत_पाव
धागा इथेच संपला पाहिजे.

तर्रीबाज
दिवाळीला बोलूच. दरम्यान कामाचं विचारतो. घरी एक व्हीएचएस निघालीये, वर पेनाने "मुकाबला + राजूची मुंज" लिहिलंय. मेव्हण्यांनी तेव्हा व्हीसीआर भाड्याने आणला होता. बाहेरून ठीक दिसतेय. प्लेयर एका मित्राकडे आहे, लावून बघू का?

डिशवाला
लगेच लावू नका. काचेतून आतल्या रिळाच्या कडेकडे बघा उजेडात धरून, पांढरट ठिपके दिसले तर बुरशी आहे, तशीच लावली तर टेप पण जाईल आणि मित्राच्या प्लेयरचं हेड पण भरेल. ठिपके नसतील तर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून मग प्ले करा, आणि पहिल्याच वेळी कॉम्प्युटरला जोडून रेकॉर्डिंग चालू ठेवा, दुसरी संधी मिळेलच असं नाही. बुरशी निघाली तर मला व्यक्तिगत निरोप करा, साफ करून देणारा एक जण अजून आहे, माझ्याच जुन्या लाइनवरचा.

ओझरची_पोर
मुंज नंतर, आधी मुकाबला कॉपी करा. आणि कुठलीही स्टेप दिसली तर पायांचा भाग मला पाठवा.